डिमेन्शिया बायोमार्करसाठी सॅम्पल गोळा करायचे आणि शेअर करायचे म्हणजे नक्की काय काय करायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजात मेमरी क्लिनिक सुरू केलंय, आठवड्याला सात-आठ नवे पेशंट येतात, कॉलेजने उणे ८० चा फ्रीजर दिलाय, आणि परदेशातली एक लॅब म्हणतेय की २०० जणांचा प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरणारा द्रव) पाठवा, पी-टाऊ २१७ वगैरे बायोमार्करच्या, म्हणजे आजाराची खूण दाखवणाऱ्या प्रोटीनच्या, सगळ्या टेस्ट आम्ही फुकट करून देतो. तर सुरुवात कुठून करू, पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) पण घेऊ का, आणि सॅम्पल बाहेर पाठवू का. मी बायोकेमिस्ट आहे, न्यूरॉलॉजीच्या सॅम्पलचं काम अठरा वर्षं बघतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सगळ्यात आधी फ्रीजर विसरा, ट्यूबपण विसरा, एक लॉगशीट बनवा. सुई टोचली ती वेळ, सेंट्रीफ्यूज सुरू केला ती वेळ, फ्रीजरमध्ये ठेवलं ती वेळ, पेशंटने शेवटचं कधी खाल्लं, कोणी रक्त काढलं, ट्यूबचा लॉट नंबर काय. या वेळा घड्याळात बघून लिहायच्या, "साधारण ११" असं नाही. आणि उशीर झाला तर उशीर झाला असंच लिहायचं. मला एकदा एका सेंटरकडून साठ फॉर्म आले, साठच्या साठ फॉर्मवर रक्त काढल्यापासून सेंट्रीफ्यूजपर्यंत बरोबर ३० मिनिटं. ओपीडीत असं कधी होत नाही हो, कधी लिफ्ट बंद असते, कधी आजोबांना चक्कर येते, कधी वॉर्डातले मामा सॅम्पल घेऊन निघतात आणि वाटेत एक्स-रेच्या फाइली देऊन मग लॅबला पोचतात. रेसिडेंट पोराने प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलंय तेच उतरवून काढलं होतं, त्याला वाटलं तसंच लिहायचं असतं. त्या सॅम्पलपैकी कुठले खरंच ३० मिनिटांत झाले आणि कुठले चार तासांनी हे कळायला काही मार्गच नव्हता, त्यामुळे अमायलॉइडच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रोटीन) टेस्टसाठी ते साठही मी बाजूला काढले. दोन तास उशीर झालेला आणि तसं लिहिलेला सॅम्पल मला चालतो, कारण तो कुठल्या टेस्टला वापरायचा आणि कुठल्या नाही हे ठरवता येतं.

यावर मी इतका जोर का देते, तर या प्रोटीनचे स्वभाव वेगवेगळे आहेत. अमायलॉइड बीटा ४२ सगळ्यात नाजूक. रक्त सेंट्रीफ्यूज न करता खोलीच्या तापमानाला तासन्‌तास पडून राहिलं की तो घसरत जातो. एनएफएल आणि जीएफएपी (मेंदूच्या पेशींमधून रक्तात येणारी प्रोटीन) आणि पी-टाऊ हे त्या मानाने टिकाव धरतात. आता अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा ४२ कमी दिसतो हेच आपण शोधत असतो, म्हणजे तुमच्या मामांना झालेला उशीर आणि पेशंटचा आजार हे दोन्ही एकाच दिशेला आकडा ढकलतात. मशीनला यातला फरक कळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

दुसरं म्हणजे हा ४२ प्लास्टिकला चिकटतो. काचेला चिकटतो, पॉलिस्टायरीनला तर फारच. एका ट्यूबमधून दुसरीत ओतला की थोडा पहिल्या ट्यूबच्या भिंतीवर राहतो, परत ओतला की परत. म्हणून पाठीतल्या पाण्यासाठी लो-बाइंडिंग पॉलिप्रॉपिलीनची ट्यूब, शक्यतो थेट तिच्यातच पाणी पडू द्यायचं, ओताओती कमीत कमी. ट्यूब भरपूर भरलेली असावी, कारण मोठ्या ट्यूबमध्ये तळाला थोडंसं पाणी असलं की चिकटायला जागा जास्त आणि प्रोटीन कमी. आमच्याकडे एका वर्षी परचेसने टेंडरमध्ये स्वस्त पडली म्हणून वेगळी ट्यूब घेतली, दिसायला तशीच, टोपणही निळंच, आणि चार महिन्यांच्या सगळ्या सॅम्पलमध्ये ४२ खाली आला, निरोगी माणसांचाही. आधी आम्ही किटला दोष दिला, मग टेक्निशियनला, आणि शेवटी लॉगशीटवरच्या लॉट नंबरवरून ट्यूबपर्यंत पोचलो. ४२ आणि त्याचाच भाऊ अमायलॉइड बीटा ४० यांचं गुणोत्तर काढलं तर यातली बरीच चूक झाकली जाते, कारण ४० पण थोडाफार तसाच चिकटतो, म्हणून दोन्ही मोजायचेच. पण गुणोत्तर आहे म्हणून ट्यूब कुठलीही चालेल असं मात्र नाही.

रक्ताचं सांगते. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेला बल्ब, पूर्ण खुणेपर्यंत भरायचा, आठ-दहा वेळा हळूच उलटा-सुलटा करायचा, हलवून फेस आणायचा नाही. शक्यतो तासाभरात सेंट्रीफ्यूज, १८०० ते २००० जी ला दहा मिनिटं. इथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर, आरपीएम (मिनिटाला फेरे) नाही. तुमच्या मशीनवर २००० आरपीएम लावलं तर ते २००० जी होत नाही, रोटरची त्रिज्या मोजून हिशोब करावा लागतो, एकदा करून मशीनवर कागद चिकटवून टाका. तासाभरात जमणार नसेल तर बल्ब फ्रीजच्या खणात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नाही, आणि तसं लिहा. वरचा प्लाझ्मा काढताना अगदी तळापर्यंत जायचा मोह आवरायचा, पेशींचा थर ओढला गेला की सगळं गेलं. तो पेशींचा पांढरट थर वेगळा ठेवा, त्यातून डीएनए निघतो. प्लाझ्माचे २५० ते ५०० मायक्रोलिटरचे छोटे छोटे भाग करा, म्हणजे एक टेस्ट करायची तर एकच छोटी ट्यूब वितळवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. वितळवणं आणि परत गोठवणं हे एकदाच, फार तर दोनदा. आणि घरातल्यासारखा बर्फ न धरणारा उणे २० चा फ्रीजर असतो ना, तो दिवसातून काही वेळा स्वतःला आतून गरम करून बर्फ वितळवतो, त्यात सॅम्पल कधीच ठेवू नका. नावं मार्करने लिहू नका, स्पिरिटचा एक थेंब लागला की नाव गेलं. उणे ८० ला टिकणारी बारकोडची लेबलं मिळतात, महाग आहेत, घ्या.

पाठीतलं पाणी घ्यायचं का? पहिल्या वर्षी फक्त ज्यांना डॉक्टरी कारणासाठी एलपी (पाठीतून सुईने पाणी काढणं) करायचीच आहे त्यांच्याकडूनच घ्या, जास्तीचं, आणि आधी परवानगी घेऊन. रक्तावरच्या टेस्ट आता खूप पुढे गेल्यात, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पहिल्यांदा अल्झायमरच्या रक्तचाचणीला मान्यता दिली, फुजिरेबिओ कंपनीची ल्युमिपल्स, प्लाझ्मातल्या पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ चं गुणोत्तर, ५५ वर्षांवरच्या लक्षणं असलेल्या लोकांसाठी. तरी पाण्याचं महत्त्व संपलेलं नाही, लेवी बॉडी या वेगळ्या प्रकारच्या डिमेन्शियासाठी अल्फा-सिन्युक्लीन प्रोटीनचे बिघडलेले कण वाढवून शोधणारी सीड अॅम्प्लिफिकेशन टेस्ट आज तरी मुख्यतः पाण्यावरच होते. घेणार असाल तर पेन्सिलच्या टोकासारखी अॅट्रॉमॅटिक सुई वापरा, नंतरची डोकेदुखी बरीच कमी होते. पहिलं एक-दोन मिली रुटीन तपासणीला द्या, रक्त मिसळलेलं वाटलं तर बायोमार्करसाठी ठेवू नका. घरच्यांना एकच भीती असते, "पाठीतून पाणी काढलं की पाय लुळे पडतात." हसण्यावारी नेऊ नका. मी त्यांना सांगते की शरीरात असं पाणी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला जवळजवळ ५०० मिली नवं तयार होतं, आपण दहा-बारा मिली घेतो ते तासाभरात भरून निघतं, आणि सुई टोचतो तिथे मज्जारज्जू नसतो, तो वरच संपलेला असतो. कागदावर पाठीचं चित्र काढून दाखवलं की निम्मी भीती तिथेच जाते.

तुलनेसाठी निरोगी माणसांचे, म्हणजे कंट्रोलचे, सॅम्पल मिळवणं हा मोठा अडसर. रक्तासाठी सोपं आहे, पेशंटबरोबर आलेले नवरा किंवा बायको, वय तेच, घर तेच, जेवण तेच. फक्त एक लक्षात घ्या, आपल्याकडे सांभाळायला बहुतेक बायकाच येतात, म्हणजे पेशंट पुरुष आणि कंट्रोल बायका असं होऊन बसतं. पाण्यासाठी एक चांगली वाट आहे: हर्निया, गुडघा, प्रोस्टेटच्या ऑपरेशनला पाठीत स्पायनल भूल देतातच, सुई आत असतेच, दोन-तीन मिली मिळू शकतं. पण परवानगी आदल्या दिवशी वॉर्डात बसून घ्यायची, ऑपरेशन टेबलवर घाबरलेल्या माणसाची सही घ्यायची नाही.

आणि पेशंटची माहिती. याच्याशिवाय प्लाझ्मा म्हणजे नुसता पिवळा बर्फ. किडनी कमजोर असेल तर रक्तातला पी-टाऊ आणि एनएफएल वाढलेला दिसतो, मेंदूत तितकं काही नसतानाही. वजन जास्त असेल तर एनएफएल कमी दिसतो. आपल्याकडे मधुमेह आणि त्यामागून येणारा किडनीचा त्रास किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून क्रिएटिनीन, वजन, उंची, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२, टीएसएच (थायरॉईड) हे प्रत्येकाचं, त्याच दिवसाच्या रक्तातून. शिक्षण किती वर्षं झालंय तेही लिहा, शाळेत न गेलेल्या आजींना शंभरातून सात वजा करत जा म्हटलं आणि जमलं नाही तर तो डिमेन्शिया नाही. पाश्चात्त्य देशांत ठरलेले कट-ऑफ (कुठल्या आकड्यापुढे आजार म्हणायचा ती रेषा) आपल्या लोकांना जसेच्या तसे लागू होतात का, हाच तर खरा प्रश्न आहे. वयस्कांच्या डिमेन्शियावरच्या देशभरातल्या लासी-डॅड अभ्यासात चार हजारांवर लोक तपासले, त्यावरून २०२३ मध्ये अंदाज आला की ६० च्या वरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्या अभ्यासात रक्तही घेतलंय. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा सॅन्सकॉग अभ्यास कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या गावांत चालतो, दहा हजार लोकांचं उद्दिष्ट, आणि त्याच माणसांना पुन्हा पुन्हा वर्षानुवर्षं तपासायचं. तुम्हालाही तेच सांगते, २०० जणांचं एकदा रक्त घेण्यापेक्षा ६० जणांचं तीन वर्षं दरवर्षी घेतलंत तर ते जास्त मोलाचं, कारण आज नुसतं विसरणारी कोणती बाई तीन वर्षांनी स्वयंपाक विसरते हे फक्त तेव्हाच कळतं.

आता परवानगी. यात सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे रक्त दिलं म्हणजे रिपोर्ट मिळणार, हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. सून संध्याकाळी फोन करते, "मॅडम, आत्यांचा मेंदूचा रिपोर्ट आला का?" आपण फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं की रिसर्चचे निकाल कळवले जाणार नाहीत, पण ते सोळा पानांच्या फॉर्मच्या अकराव्या पानावर असतं. म्हणून मी तोंडाने, पहिल्याच वाक्यात सांगते: या रक्ताचा डिमेन्शियाचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही, ते पुढच्या लोकांच्या कामाला येणार आहे, पण बी१२, थायरॉईड, किडनी, साखर यांचा रिपोर्ट तुम्हाला दोन दिवसांत देईन. आणि तो देतेच, वेळेवर, चुकवत नाही. कित्येक आजी-आजोबांचं बी१२ तिथेच सापडलंय आणि इंजेक्शन सुरू झालंय.

ज्याची आठवण जातेय त्याची परवानगी कशी घ्यायची, हा अवघड प्रश्न. सुरुवातीच्या टप्प्यातले लोक समजून होकार देऊ शकतात, त्यांना वगळून मुलाकडे फॉर्म सरकवू नका. मी सांगून झाल्यावर त्यांनाच विचारते, मी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं. आजार पुढे गेलेला असेल तर कायद्याने ज्याला अधिकार आहे त्या नातेवाइकाची सही, पण पेशंटने हात मागे घेतला तर सुई टोचायची नाही, सही कोणाचीही असो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, सौम्य टप्प्यात, त्यांनी विचारलं, "माझं रक्त परदेशात जाणार का? आणि उद्या कोणी त्याचं औषध करून विकलं तर माझ्या नातवाला ते स्वस्त मिळेल का?" आमच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही फॉर्म बदलला आणि टप्प्याटप्प्याचे पर्याय दिले: फक्त या अभ्यासासाठी हो किंवा नाही, पुढच्या डिमेन्शिया अभ्यासांसाठी हो किंवा नाही, डीएनए काढायला, भारताबाहेर पाठवायला, कंपनीला द्यायला, प्रत्येकाला वेगळी टिक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बायोबँकिंगवर, म्हणजे सॅम्पल साठवून ठेवण्यावर, स्वतंत्र प्रकरण आहे, ते इथिक्स कमिटीला प्रोटोकॉल देण्याआधी स्वतः पूर्ण वाचा. माणसाने नंतर नाही म्हटलं तर उरलेले सॅम्पल नष्ट करायची सोय तुमच्या सिस्टिममध्ये आधीपासून हवी, म्हणजे कुठली ट्यूब कुठल्या रॅकमध्ये आणि कोणाकडे गेलीय ते पाच मिनिटांत सापडलं पाहिजे.

एपीओई ई४ या अल्झायमरशी जोडलेल्या जीनचा निकाल फाइलला लावू नका. तो धोका वाढलेला दाखवतो, आजार होणारच असं सांगत नाही, पण गावात "त्यांच्या घरात वेडाची जीन आहे" एवढंच पोचतं आणि नातीच्या लग्नापर्यंत जातं. तसंच नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. छोटं गाव, वय ९३, जन्मतारीख, निदान, एवढं शीटमध्ये असलं की तालुक्यातला कोणीही सांगेल कोण ते. गाव आणि पिनकोड काढा, तारखा सरकवा, फार मोठी वयं एका गटात टाका.

फ्रीजरबद्दल एवढंच: तो बंद पडणार आहे, असं धरून चाला. एका दिवाळीत लाईट गेली, जनरेटर सुरू झाला पण फ्रीजरचा सॉकेट जनरेटरच्या लाइनवर नव्हता, अलार्ममध्ये सिमकार्ड होतं पण त्याचा रिचार्ज संपलेला. भाऊबीजेनंतर आम्ही आलो तेव्हा आत पाणी होतं. चारशेच्या वर माणसांनी विश्वासाने हात पुढे केला होता, ते मला आजही आठवतं. तेव्हापासून प्रत्येक माणसाच्या निम्म्या ट्यूब एका फ्रीजरमध्ये, निम्म्या दुसऱ्या इमारतीत, सिमचा रिचार्ज माझ्या स्वतःच्या कॅलेंडरवर, आणि सुट्टीत कोण येऊन बघणार त्याचं नाव दारावर. दुसरा फ्रीजर नसेल तर शेजारच्या कॉलेजशी लेखी बोलून ठेवा.

आता शेअरिंग. मी द्यायच्या बाजूची आहे, स्पष्टच सांगते. फ्रीजरमध्ये पंधरा वर्षं पडून राहिलेलं रक्त देणाऱ्या माणसाला आपण फसवलेलंच असतं. २००४ पासून अमेरिकेतल्या एडीएनआय या अल्झायमरच्या मोठ्या अभ्यासाने आपला डेटा अर्ज करणाऱ्या कुठल्याही अभ्यासकाला खुला ठेवला आणि जगभरचं काम त्यावर उभं राहिलं. पण त्यांनीही सॅम्पलला वेगळा नियम लावला, सॅम्पल मागितला तर समिती बघते, कारण डेटा कितीही जणांनी घेतला तरी तो तेवढाच राहतो आणि प्लाझ्मा संपतो. इंडियाना युनिव्हर्सिटीतली एनसीआरएडी ही सॅम्पल बँक १९९० पासून हेच करतेय, सेंटरना एकसारखी किट पाठवायची, सॅम्पल जमा करायचे आणि मागणाऱ्यांना द्यायचे. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्सची ब्रेन बँक १९९५ पासून आहे. म्हणजे तुम्हाला सगळं नव्याने शोधून काढायची गरज नाही, यांचे प्रोटोकॉल बघा आणि तसेच पाळा, म्हणजे उद्या तुमचे सॅम्पल दुसऱ्यांच्या शेजारी ठेवता येतील. स्वीडनच्या मॉल्न्डालमधून २००९ पासून एक क्वालिटी कंट्रोल प्रोग्रॅम चालतो, तोच सॅम्पल जगभरच्या लॅबना पाठवतात, आणि सुरुवातीला पाण्यातल्या ४२ चे आकडे लॅबालॅबात वीस टक्क्यांच्या आसपास हलत होते, नामांकित लॅब असूनही. म्हणून हे एकसारखेपण लागतं.

तर त्या परदेशी लॅबला काय सांगायचं. २०० लगेच देऊ नका. परदेशी सहकार्य म्हटलं की इथिक्स कमिटी आणि हेल्थ मिनिस्ट्रीच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, तेवढ्यात मटेरियल ट्रान्सफर अॅग्रीमेंट (सॅम्पल देण्याघेण्याचा करार) नीट वाचून घ्या. त्यात हे हवंच: कुठल्या टेस्ट करणार ते नावासकट, त्यापलीकडे काही करायचं तर परत विचारणार, तिसऱ्या कोणाला देणार नाही, उरलेलं परत किंवा नष्ट, आणि प्रत्येक सॅम्पलचा कच्चा आकडा, प्लेट नंबर आणि टेस्ट बरोबर चालली का ते बघायला लावलेल्या कंट्रोल सॅम्पलच्या आकड्यांसकट, ठरावीक महिन्यांत तुम्हाला. नुसती पेपरमधली आलेखाची आकृती नाही. "फुकट टेस्ट" म्हणजे फुकट नाही, तुम्ही पेशंट, वेळ आणि विश्वास दिलेला असतो, त्यामुळे तुमच्या टीममधल्या एका मुलीला तिथे जाऊन शिकता येईल का ते विचारा, बरेचदा हो म्हणतात. आता भारतातही काही ठिकाणी ही मशीन आहेत, तिथेही चौकशी करा. प्रत्येक माणसाच्या सगळ्या ट्यूब कधीच पाठवायच्या नाहीत, निम्म्या घरी.

पाठवताना पेशंट आणि कंट्रोल मिसळून पाठवा. आधी सगळे पेशंट, सहा महिन्यांनी कंट्रोल असं केलंत तर दिसणारा फरक आजाराचा की किटच्या लॉटचा ते कळणार नाही. आणि दहा माणसांचे सॅम्पल दोन वेगळ्या कोडने टाका, लॅबला सांगू नका. दोन्ही आकडे जुळून आले की त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो.

ड्राय आईस भरपूर, खोक्याला हवा जायला जागा, ट्यूबची झाकणं घट्ट (कार्बन डायऑक्साइड आत शिरला की सॅम्पल आंबट होतो), बाहेर यूएन ३३७३ (जैविक सॅम्पल) आणि यूएन १८४५ (ड्राय आईस) ची लेबलं. सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा, शुक्रवारी कधीच नाही, गणपती-दिवाळीच्या आठवड्यात तर नाहीच.

आत्ता वीस जणांपासून सुरू करा, फक्त रक्त, लॉगशीटसकट. वीस झाले की ती शीट मला पाठवा, नावं झाकून, वेळा मी बघून देते.